जुनी गाडी, भरवशाचा मिस्त्री

आपल्या माण-खटावात, जत-आटपाडीत रात्री अडलेल्या बाईला दवाखान्यात न्यायला पुष्कळदा शेजारची जुनी जीप नाहीतर ओम्नीच कामी येते. ती वेळेवर सुरू व्हायला हवी, आणि थांबायलाही हवी. म्हणून मिस्त्री पारखण्याच्या चार गोष्टी आज आम्ही सांगतो.

गाडी बंद पडायची वाट बघू नका. आधी ऑइल बदलण्यासारखं छोटं काम देऊन बघा. ओळखीच्यांना विचारा: सांगितला तेवढाच खर्च आला का? तेच दुखणं पुन्हा निघालं का?

चांगला मिस्त्री आधी गाडी चालवून बघतो, आवाज ऐकतो, मगच खोलतो. खर्चाचा अंदाज लिहून घ्या. जादा काम निघालं तर आधी फोन करायला सांगा. काढलेला जुना भाग मागून घ्या. झिजलेला ब्रेक लायनर आपल्यालाही ओळखता येतो.

ब्रेक ऑइलचं जरूर विचारा. ते हवेतला ओलावा शोषतं. मग पसरणीसारखा घाट उतरताना ब्रेक तापले की ते उकळतं आणि पाय दाबला तरी ब्रेक नीट लागत नाही. म्हणून साधारण 2 वर्षांनी ते बदलतात. हे नीट समजावून सांगणारा मिस्त्री धरून ठेवा.

आणि बचत गटासारखी गाडीचीही वही ठेवा: तारीख, किलोमीटर, काम, पैसे. वही समोर असली की हिशेबही चोख राहतो.