नातीसोबत प्राग, सत्तरीच्या पावलांनी

नातवंडे युरोपात शिकायला गेली, की वर्ष-दीड वर्षात आजी-आजोबांचेही तिकडे एकदा जाणे होते. मध्यमवर्गीय घरांतही आता याचे नवल राहिलेले नाही. महिनाभराचा मुक्काम आणि त्यात एक शनिवार-रविवार शेजारच्या एखाद्या शहरासाठी राखून ठेवलेला. नात जर्मनीतील ड्रेस्डेनला शिकत असेल, तर हे शहर बहुधा प्राग असते. आगगाडीने सुमारे अडीच तास, एल्ब नदीच्या खोऱ्यातून जाणारा देखणा मार्ग, आणि सीमा केव्हा ओलांडली हेही कळू नये इतका सुकर प्रवास.

अडचण शहराची नसते, वेळापत्रकाची असते. विद्यार्थ्यांची सहल विद्यार्थ्यांच्या पायांसाठी आखलेली असते. पैसा थोडा, वेळ त्याहून थोडा. म्हणून जे जे पाहायचे ते दोन दिवसांत. शनिवारी पहाटेची गाडी, मग जुन्या चौकातील १४१० सालचे खगोलीय घड्याळ, चार्ल्स पूल, पुलापलीकडून चढ चढून किल्ला, किल्ल्यातील सेंट व्हायटस कॅथीड्रलच्या मनोऱ्याच्या २८७ पायऱ्या, दुपारी पेत्रीन टेकडी आणि तेथील मनोऱ्याच्या आणखी २९९ पायऱ्या, सायंकाळी वेन्सेस्लास चौक. रात्री एखाद्या हॉस्टेलात एकावर एक रचलेल्या खाटा. दिवसाची वीस हजार पावले सहज होतात. आपण मात्र रोज सकाळी बागेतल्या सपाट वाटेवर चार हजार पावले चालतो, हे त्या वेळापत्रकात कोठेही नोंदलेले नसते.

आणि आपण ते सांगतही नाही. माझ्याकडे अनेक वर्षे येणारे एक गृहस्थ, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही असलेले, अशाच सहलीहून परतले. औषधे संपली म्हणून आले होते. बोलता बोलता म्हणाले, ‘‘किल्ल्याच्या चढावर छाती जरा भरून येत होती, पण थांबलो की बरे वाटायचे.’’ नात पुढे चालत होती. ती वळून पाही तेव्हा हे फोटो काढत असल्याचे दाखवीत. असे सहा-सात फोटो काढत ते वर पोहोचले. मी विचारले, तिला सांगितले का नाही? ‘‘पोरीने वर्षभर कॅफेत काम करून पैसे साठवले होते हो. तिचा हिरमोड कसा करायचा?’’ त्यांचा ईसीजी ठीक होता. तरीही त्यांना हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठविले आणि अँजिओग्राफीत मोठ्या रक्तवाहिनीतला अडथळा सापडला. आज ते बरे आहेत.

वाचकहो, चालताना येणारे आणि थांबल्यावर जाणारे छातीवरचे दडपण हे हृदयाचे म्हणणे असते. ते ‘अ‍ॅसिडिटी’ म्हणून सोडून देऊ नये. चढ, थंड हवा आणि नुकतेच झालेले भरपेट जेवण हे तिन्ही एकत्र आले की ते अधिक लवकर जाणवते, आणि प्रागमध्ये हे तिन्ही एकाच दुपारी सहज भेटतात. पोटरीतले चालताना येणारे व थांबल्यावर जाणारे दुखणेही याच कुळातले. अशी लक्षणे घरी जाणवत असतील, तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना भेटावे. ती तेथेच प्रथम जाणवली, तर बसावे आणि सोबतच्या माणसाला स्पष्ट शब्दांत सांगावे. बसूनही दडपण ओसरत नसेल, घाम फुटत असेल, तर ११२ हा क्रमांक फिरवावा. तो संपूर्ण युरोपीय संघात चालतो.

किल्ला मात्र सोडू नये, फक्त पायी चढू नये. बावीस क्रमांकाची ट्राम आपल्याला वरच्या अंगाला, ‘प्राझ्स्की ह्राद’ या थांब्यावर सोडते आणि तेथून किल्ल्याच्या चौकापर्यंतचा रस्ता जवळजवळ सपाट आहे. ट्राममध्ये चढताच आधी बसावे किंवा दांडी पकडावी, कारण ती झटक्याने सुटते. भुयारी रेल्वेचे सरकते जिनेही आपल्याकडच्यांपेक्षा वेगाने धावतात. नात उत्साहाने म्हणेल, की येताना पायऱ्यांनी उतरू, उतारच तर आहे. येथे सावध राहावे. चढताना परीक्षा हृदयाची असते, उतरताना गुडघ्यांची. झिजलेल्या गुडघ्यांनी उतरतानाही ट्रामच धरावी. उंचीवरून शहर पाहण्याची हौस असेल, तर जुन्या नगरगृहाच्या मनोऱ्याला लिफ्ट आहे. कॅथीड्रलच्या त्या २८७ पायऱ्या नातीला एकटीला चढू द्याव्यात. ते कॅथीड्रल १३४४ मध्ये बांधायला घेतले आणि १९२९ मध्ये पूर्ण झाले. तेही घाईत नव्हते.

जुन्या प्रागचे रस्ते दगडी ठोकळ्यांचे आहेत. पावसात ते निसरडे होतात आणि कोरड्या दिवशीही पाऊल वाकडे पडते. मऊ तळव्याच्या चपला, सहलीसाठी म्हणून घेतलेले कोरे करकरीत बूट, दोन्ही नकोत. महिनाभर वापरून पायाशी सलगी झालेले, टाच घट्ट धरणारे बूट हवेत. घरात काठी लागत नसली तरी येथे ती घ्यावी. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्याच्या खालच्या भागातून पायरी धूसर दिसते, तेव्हा उतरताना मान खाली झुकवून वरच्या भागातून पाहावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या माणसाच्या डोक्याला पडताना मार लागला, तर टेंगूळ लहान असले तरी रुग्णालयात दाखवावे.

आता एक संकोचाचा विषय. स्वच्छतागृह कोठे सापडेल या धास्तीने ज्येष्ठ माणसे, त्यातही स्त्रिया, सकाळपासून पाणीच पीत नाहीत. कित्येक जण लघवीची गोळी परस्पर बंद करतात. परिणाम दुपारी दिसतो: चक्कर, तोल जाणे, रात्री पेटके, आणि परतल्यावर मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग. प्रागमध्ये नळाचे पाणी पिण्याजोगे आहे, बाटली भरून घ्यावी. सार्वजनिक स्वच्छतागृहे बहुधा पैसे देऊन वापरावी लागतात. तेथे युरो नव्हे, कोरुना चालतात, म्हणून सुटी नाणी खिशात असावीत. गोळी बंद करू नये. तिची वेळ पुढे-मागे करता येईल का, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

मधुमेहींनी आणखी थोडे जपावे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन सकाळभर चालले आणि जेवण तीन वाजेपर्यंत लांबले, तर साखर घसरते. कधी कधी ती त्या रात्री झोपेतही घसरते. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या किंवा साधी साखर हवीच. तेथील बिअर प्रसिद्ध आहे आणि नात आग्रहही करील, परंतु रिकाम्या पोटी मद्य हे या औषधांचे वाईट सोबती आहे. शाकाहारी माणसाला तळलेले चीज आणि बटाटे यांपलीकडे फारसे मिळेलच असे नाही. म्हणून मुक्कामाच्या गावी केलेल्या दशम्या बरोबर घ्याव्यात. इन्सुलिन विमानात हातातल्या पिशवीत ठेवावे, सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकते. औषधांची यादी करताना कंपनीने दिलेले नाव लिहू नये, औषधाचे मूळ नाव आणि मात्रा लिहावी. आपले ब्रँड तेथे कोणी ओळखत नाही. शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो, तो आपण काढलेलाच असतो. जुने आजार त्यात धरले आहेत का, हे मात्र फार थोडे जण वाचतात.

यापुढचे परिच्छेद नातीलाही वाचून दाखवावेत. बाळ, तू बावीस वर्षांची आहेस आणि त्या दोन दिवसांत आजी-आजोबांची एकमेव काळजीवाहक तूच आहेस. खोली घेताना लिफ्ट आहे का आणि संडास खोलीला लागून आहे का, एवढे दोन प्रश्न विचार. रात्री दोनदा उठणाऱ्या माणसाला वरची खाट आणि लांबचा अंधारा बोळ नको. ‘थकलात का?’ असे विचारू नकोस, उत्तर ‘नाही’ असेच येईल. त्याऐवजी ‘आपण इथे वीस मिनिटे बसू या’ असे म्हण.

आणि दुपारी तीन तास वेगळे व्हायला दोघांनीही संकोचू नये. आजी-आजोबांनी वेन्सेस्लास चौकात बाकावर बसावे, नातीने पेत्रीनचा मनोरा गाठावा. भेटण्याची जागा व वेळ कागदावर लिहिलेली असावी, फोन चार्ज केलेला असावा. त्या बाकावर आपल्याला सोबत असेलच. ऑगस्ट १९६८ मध्ये येथे सोव्हिएत रणगाडे घुसले, तेव्हाच्या बातम्या आपल्यापैकी अनेकांनी शाळकरी वयात ऐकल्या आहेत. पुढच्या जानेवारीत यान पालाख या विद्यार्थ्याने त्या आक्रमणाच्या निषेधार्थ याच चौकात स्वतःला जाळून घेतले. नातीच्या फोनमध्ये हे सारे असते, पण ते कोणी सांगितल्याशिवाय ती उघडून पाहील असे नाही.

माझ्यासारख्याला मोह होईल तो चार्ल्स चौकाचा. हृदयाच्या ठोक्याचा विद्युत्संदेश पसरविणाऱ्या ज्या तंतूंची नावे आम्ही पहिल्या वर्षाला घोकली, ते पुर्किन्ये तंतू शोधणारे यान पुर्किन्ये याच शहरात प्राध्यापक होते. त्यांचा पुतळा त्या चौकात आहे, आणि बागेत बाकही आहेत.

ज्यू वस्तीतील संग्रहालय आणि जुनी दफनभूमी शनिवारी बंद असतात, तेव्हा ती रविवारी सकाळी ठेवावीत. परतीच्या गाडीत आसने आरक्षित करून घ्यावीत. रविवारी संध्याकाळी विद्यार्थ्यांची गर्दी असते आणि उभ्याने अडीच तास काढणे नातीला जमेल, आपल्याला नाही. घरी पोहोचल्यावर कितीही उशीर झालेला असो, मधुमेहींनी झोपण्यापूर्वी मोजे काढून दोन्ही तळवे, टाचा आणि बोटांच्या बेचक्या उजेडात पाहाव्यात. वाकणे जमत नसेल, तर नातीला पाहायला सांगावे. फोड आलेला दिसला तर तो फोडू नये.