लिहून ठेवलेले कसब

षटकोनी डोक्याचा एम८ बोल्ट संगणकावर काढणे मुळीच अवघड नाही. आयएसओ ४०१७ चा तक्ता उघडायचा: डोक्याला १३ चा पाना लागतो, डोक्याची जाडी ५.३ मिमी, आट्यांचा पिच १.२५. पण एकाच मशीनच्या जोडणीत एम५ पासून एम१६ पर्यंत, वेगवेगळ्या लांबीचे बोल्ट असतात. दर वेळी तक्ता पाहून आकडे भरताना एखादा चुकतोच, आणि तो चुकल्याचे कळते ते थेट फिटिंगच्या वेळी.

फ्रीकॅड हे आरेखनाचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या एकाने या कामासाठी मॅक्रो लिहिला आणि सगळ्यांसाठी खुला ठेवला. मानक निवडा, माप निवडा, लांबी निवडा, की बोल्ट तयार. पुढे त्याच्याच आधारावर दुसऱ्या एकाने ‘फास्टनर्स’ हे आख्खे वर्कबेंच, म्हणजे फ्रीकॅडमधला साधनसंच, उभे केले. त्यात भोकाची कड निवडली की बोल्ट जागेवर बसतो. भोक सरकले की तोही सरकतो.

युर्गन रीगल यांनी सुरू केलेले फ्रीकॅड २००२ मध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आले. १.० ही आवृत्ती यायला २०२४ चा नोव्हेंबर उजाडला. मधल्या काळात ते वाढले त्यात अशा देवघेवीचा वाटा फार मोठा आहे. सॉफ्टवेअर मोफत आणि खुले असल्यामुळे भोसरीतल्या चार माणसांच्या वर्कशॉपलाही ही सगळी शिदोरी मिळते, आणि मला याचेच मोल सर्वांत जास्त वाटते.

मॅक्रो म्हणजे पायथॉन भाषेतली साधी मजकुराची फाइल. रेकॉर्डिंगचे बटण दाबून काम केले, तर आपल्या कृतींच्या आज्ञा फ्रीकॅड आपणहून लिहून काढते. सुरुवात करायला हे उत्तम आहे. मात्र असा रेकॉर्ड केलेला मॅक्रो दुसऱ्याला जसाच्या तसा देऊन भागत नाही. त्यात ‘स्केच००१’ असे आपल्या फाइलमधले नाव पक्के बसलेले असते. समोरच्याच्या फाइलमध्ये त्या नावाचे स्केचच नसेल तर मॅक्रो पहिल्या ओळींतच अडतो, आणि त्याच नावाचे भलतेच स्केच असेल तर भलत्याच जागी खाच पाडून मोकळा होतो. देण्याजोगा मॅक्रो आधी पाहतो, की वापरणाऱ्याने काय निवडले आहे. काहीच निवडले नसेल तर तसे सांगून थांबतो. पृष्ठभागाऐवजी कड निवडली असेल तर तेही ओळखतो. मूळ काम दहा ओळींचे आणि ही विचारपूस चाळीस ओळींची, असे सहज होते. खरे कसब या चाळीस ओळींत असते, कारण लिहिणाऱ्याने तिथे न पाहिलेल्या माणसाचा विचार केलेला असतो.

मापांकडेही डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. पडद्यावर इंच दिसत असले तरी फ्रीकॅड आतून मिलिमीटरमध्येच चालते; स्क्रिप्टमध्ये नुसता १ लिहिला तर तो १ मिमी. सॉलिडवर्क्स या दुसऱ्या आरेखन सॉफ्टवेअरचे मॅक्रो तर मीटरमध्ये बोलतात, तिथे २५ मिमी म्हणजे ०.०२५. एकीकडचा हिशेब दुसरीकडे उचलताना हे ध्यानात नसेल तर भाग हजारपट लहानमोठा होतो.

उसना मॅक्रो चालवण्याआधी वाचावा, हा माझा आग्रह आहे. तो आपल्याच अधिकाराने चालतो, म्हणजे आपण ज्या फाइली पुसू शकतो त्या तोही पुसू शकतो. शिवाय मॅक्रो जुने होतात. पायथॉन २ च्या काळातले कितीतरी पायथॉन ३ आल्यावर बंद पडले. म्हणून वरच्या ओळींत लेखकाचे नाव, तारीख, परवाना आणि फ्रीकॅडची आवृत्ती हवीच. आणि कुणी दुरुस्ती केली तर ती मूळ लेखकापर्यंत पोहोचवावी.

वाचून झाल्यावर, ज्याचे उत्तर आधीच माहीत आहे असा भाग करून पाहावा. गिअरचा मॅक्रो असेल तर मोड्यूल २ आणि दाते २४ द्यावेत, आणि पिच व्यास ४८ मिमी येतो का ते मोजावे. तो आला, तरच पुढच्या कामाला हात घालावा.