ओहायोच्या खोलीत किती जण बोलतात?

दुपारी १२:००

खराडीतल्या आमच्या ऑफिसात माझा दिवस बाराला सुरू होतो. ज्यांचं काम करायचं ती ओहायोतली क्लिनिकं उन्हाळ्यात आपल्याहून साडेनऊ तास मागे असतात. तिथे सकाळचे आठ वाजले की इथे संध्याकाळचे साडेपाच. त्यामुळे काही विचारायला जागा माणूस मिळेपर्यंत जे आपलं आपल्याला उलगडेल ते उलगडून ठेवायचं.

काम सांगायला सोपं आहे. डॉक्टर बोलतात, त्याचा मजकूर करायचा. त्यासाठी ॲमेझॉनची ट्रान्स्क्राइब मेडिकल ही सेवा आम्ही वापरतो. ती डिसेंबर २०१९ मध्ये आली. पायथनमधून एक कॉल करायचा: जॉबचं नाव, भाषा, ऑडिओ फाइल कुठे आहे, मजकूर कुठे ठेवायचा, वैद्यकीय शाखा कोणती आणि बोलण्याचा प्रकार कोणता. मोजून दहा-बारा ओळी. टाइप करायला पाच मिनिटंही लागत नाहीत. वेळ जातो तो त्या रकान्यांत काय भरायचं हे ठरवण्यात.

आल्या आल्या रात्रीची यादी उघडते. त्यांचा दिवस म्हणजे आपली रात्र, तेव्हा काल तिथे झालेली रेकॉर्डिंगं एव्हाना मार्गी लागलेली असतात. आज एक अख्खा गठ्ठा ‘फेल्ड’. कारण शेजारीच लिहिलेलं: सांगितलेला सॅम्पल रेट आणि फाइलमधला सॅम्पल रेट जुळत नाही. टीममधल्या नव्या मुलाने कुठल्याशा नमुन्यातून ४४,१०० हा आकडा उचलून कॉन्फिगमध्ये ठेवला होता आणि क्लिनिकचा रेकॉर्डर ४८,००० वर चालतो.

“अरे, हा रकाना ऐच्छिक आहे. रिकामा ठेव, सेवा स्वतः ओळखते.”

“मग तो ठेवलाच कशाला त्यांनी?”

प्रश्न रास्त आहे. माझा आपला नियम असा, की जे फाइल स्वतः सांगू शकते ते आपण सांगायला जाऊ नये. फाइलला जे कधीच कळणार नाही, म्हणजे खोलीत कोण होतं, कोण कोणाशी बोलत होतं, ते मात्र चौकशी करून लिहावं. त्याने ती ओळ काढली, जॉब पुन्हा लावले.

दुपारी १:१५

पुन्हा लावताना दुसरी गोष्ट आडवी आली. जॉबचं नाव एका खात्यात एकदाच वापरता येतं. तेच नाव परत दिलं की कॉन्फ्लिक्टची एरर. ही एरर वैताग आणते पण ती मला आवडते, कारण रांगेतून एकच फाइल चुकून दोनदा आली तर तिचे दोन मजकूर होत नाहीत.

खरा घोळ नावातच होता. नव्याने जोडलेल्या क्लिनिकच्या फाइलींची नावं रुग्णाचं आडनाव, अंडरस्कोर, केसपेपरचा नंबर अशी येतात आणि आमच्या जुन्या स्क्रिप्टमध्ये फाइलचं नाव तेच जॉबचं नाव. ऑडिओला कुलूप, मजकुराला केएमएसची स्वतंत्र किल्ली, आणि आडनाव मात्र लॉगमध्ये, डॅशबोर्डवर, एररच्या ईमेलमध्ये उघडं. अमेरिकेत १९९६ सालचा हिपा कायदा आहे. रुग्णाची ओळख पटवणाऱ्या अठरा प्रकारच्या खुणा त्याच्या नियमांत मोजून दिल्या आहेत, त्यात नाव आहे आणि केसपेपरचा नंबरही आहे. आता जॉबला यूयूआयडी, म्हणजे नावाशी संबंध नसलेला एक क्रमांक, द्यायचा आणि कोणता यूयूआयडी कोणत्या फाइलचा हे तिकडच्याच, क्लिनिकच्या हद्दीतल्या टेबलात ठेवायचं. बदल चार ओळींचा. रिव्ह्यूत त्यावर कोणी काही बोललं नाही, याचा अर्थ सगळ्यांना पटलं किंवा सगळे जेवायला गेले होते.

दुपारी ३:००

डबा खाऊन झाल्यावर आजचा मोठा विषय. नव्या क्लिनिकने नमुन्याची फाइल पाठवली आहे. खऱ्या रुग्णाचा आवाज आम्हाला इथे ऐकता येत नाही, करारातच तसं आहे, म्हणून त्यांच्या स्टाफने एक खोटी भेट रेकॉर्ड केली. रिसेप्शनवरच्या बाई रुग्ण झाल्या आहेत. त्या इतक्या मनापासून खोकतात की ऐकताना हसू येतं.

फाइल दोन चॅनलची आहे आणि इथेच फाटा फुटतो. दोन माणसांचे दोन वेगळे माइक असतील तर ‘चॅनल आयडेंटिफिकेशन’ चालू करायचं; प्रत्येक चॅनलचा मजकूर वेगळा येतो आणि कोण बोललं याचा वादच राहत नाही. सगळ्यांचा आवाज एकाच माइकवर असेल तर ‘शो स्पीकर लेबल्स’. त्यात आवाजावरून माणसं वेगळी केली जातात, त्यांना स्पीकर शून्य, स्पीकर एक अशी नावं मिळतात. हे निवडलं तर जास्तीत जास्त किती जण, तेही सांगावंच लागतं. दोन्ही एकदम मागता येत नाही.

नव्या मुलाने फाइल तपासली. चॅनल दोन आहेत असं दिसल्यावर त्याने चॅनलवालं निवडलं. कागदावर बरोबर. मी त्याला ताईंकडे पाठवलं.

ताई म्हणजे आमच्याकडच्या मेडिकल ट्रान्स्क्रिप्शनच्या जुन्या बाई. अमेरिकेतले डॉक्टर संध्याकाळी डिक्टेशन सोडायचे आणि त्यांची सकाळ होईपर्यंत भारतात ते टाइप होऊन जायचं, त्या काळापासूनच्या. पायाखाली पेडल, कानावर हेडफोन, बोटं कीबोर्डवर. पेडल दाबलं की टेप चालणार, टाच मागे केली की दोन सेकंद मागे. पेडल अजून त्यांच्या टेबलाखाली आहे. हल्ली त्या यंत्राने केलेला मजकूर तपासतात.

ताईंनी डावा कान उघडा ठेवला आणि फक्त उजव्याने ऐकलं. मग उलट. मग मला हाक.

“अगं, दोन्हीकडे तिघंही ऐकू येतायत. टेबलावर एकच यंत्र ठेवलंय यांनी. ते स्टिरिओ लिहितं, एवढंच.”

म्हणजे चॅनलवालं निवडलं असतं तर प्रत्येक वाक्य दोनदा आलं असतं. तिसरी म्हणजे नर्स. ती दार उघडून येते, रक्तदाबाचा आकडा सांगते आणि जाते. कमाल संख्या दोन ठेवली असती तर तो आकडा डॉक्टरच्या किंवा रुग्णाच्या तोंडी गेला असता. रुग्ण म्हणाला, “माझा रक्तदाब दीडशे आहे,” आणि नर्सने मोजून सांगितलं, दीडशे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केसपेपरवर त्यांची जागाही वेगळी. सेवेला दोनपासून तीसपर्यंत कितीही चालतात. आम्ही तूर्त चार लिहिले: डॉक्टर, नर्स, रुग्ण आणि सोबत आलेलं माणूस. आपल्याकडच्या ओपीडीसाठी लिहायचं असतं तर चारात भागलं नसतं.

संध्याकाळी ४:३०

बोलण्याचा प्रकार. पर्याय दोनच: ‘डिक्टेशन’ किंवा ‘कॉन्व्हर्सेशन’. डॉक्टर एकटा बसून रेकॉर्डरला सांगतो ते पहिलं, रुग्णाशी बोलतो ते दुसरं. नव्या क्लिनिकच्या दोन्ही प्रकारच्या फाइली एकाच फोल्डरमध्ये येणार आहेत. लांबीवरून ओळखू, असं कोणीतरी सुचवलं. मी विरोध केला. काही डॉक्टर एकटेच लांबलचक सांगत बसतात आणि काही भेटी तीन मिनिटांत उरकतात. दोन वेगळी फोल्डरं मागायची. प्रश्नांच्या यादीत टाकलं.

शाखेच्या रकान्यात मात्र डोकं लावावं लागत नाही. फाइलवर चालणाऱ्या जॉबला ‘प्रायमरीकेअर’ एवढंच चालतं. हृदयरोग, मेंदूविकार, कर्करोग, रेडिओलॉजी, मूत्रविकार हे पर्याय थेट प्रक्षेपणासारख्या, बोलता बोलता मजकूर देणाऱ्या प्रकारात आहेत. भाषा अमेरिकन इंग्रजी. तिथे दुसरा पर्यायच नाही. साताऱ्याच्या एखाद्या डॉक्टरचं “बीपी थोडं हाय आहे, मीठ बंद करा आजी” या रकान्यात बसत नाही.

याच वेळात फोनवरून आलेल्या डिक्टेशनचाही निकाल लावला. टेलिफोनचं रेकॉर्डिंग ८,००० हर्ट्झचं असतं, सेवेला १६,००० ते ४८,००० लागतं. एका कमांडने ८ चे १६ करता येतात आणि फाइल दारातून आतही जाते. पण चार हजार हर्ट्झच्या वरचा आवाज फोनने टिपलेलाच नसतो. ‘स’ आणि ‘फ’ मधला बराचसा फरक तिथेच राहतो. औषधांच्या नावांत असा फरक फुकट घालवून चालत नाही. त्या फाइली ताईंच्या टीमकडेच राहणार.

संध्याकाळी ५:४५

ओहायो जागं झालं. कॉलवर त्यांचा आयटीवाला, हातात कॉफी. एका माइकचं त्याने लगेच कबूल केलं. दोन फोल्डरंही देतो म्हणाला. शेवटचा प्रश्न मी सहज म्हणून विचारला होता: खोलीत याशिवाय कोणी बोलतं का?

“कधी कधी दुभाषी असतो, फोनच्या स्पीकरवर. स्पॅनिश बोलणाऱ्या रुग्णांसाठी.”

यावर उत्तर द्यायला मी थोडा वेळ मागून घेतला.

रात्री ७:३०

मधल्या वेळेत शब्दसूची. क्लिनिकमध्ये वापरात असलेल्या औषधांची आणि उपकरणांची नावं एका टेक्स्ट फाइलमध्ये, रकान्यांच्या मध्ये टॅब. टॅबच, स्पेस चालत नाही, आणि नव्या मुलाचा एडिटर टॅबच्या जागी गुपचूप स्पेस भरतो. फाइल ५० केबीच्या आत हवी, त्यामुळे अख्खा फार्माकोपिया कोंबता येत नाही. यादी ताईंनी लिहिली. सेलेब्रेक्स आणि सेलेक्सा, हायड्रॅलाझिन आणि हायड्रॉक्सिझिन अशा जोड्यांच्या पुढे त्यांनी पेनने खूण केली आहे, म्हणजे मजकुरात या आल्या की माणसाने ऐकायचंच. इलियम तर इंग्रजीत दोन आहेत, एक आतड्याचं आणि एक कमरेच्या हाडाचं. उच्चार तोच, स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक. तिथे सूची काही करू शकत नाही, आजूबाजूचं वाक्यच वाचावं लागतं.

रात्री ८:३०

खोट्या भेटीचा जॉब पूर्ण झाला. निकालाची जेसन फाइल उघडली. प्रत्येक शब्दाला सुरुवातीची आणि शेवटची वेळ, शिवाय खात्रीचा आकडा, शून्य ते एक. आकडा अवतरण चिन्हांत येतो, म्हणजे तो मजकूर आहे, संख्या नव्हे; आधी बदलून घ्यायचा. पूर्णविराम आणि स्वल्पविरामही यादीत शब्दांसारखेच बसलेले असतात, पण त्यांना वेळ नसते आणि त्यांची खात्री शून्य. सरसकट सरासरी काढली तर जिथे विरामचिन्हं जास्त तो मजकूर उगाच वाईट दिसतो. आमच्या जुन्या अहवालात नेमकं हेच होत होतं: एक डॉक्टर छोटी छोटी वाक्यं बोलतो म्हणून त्याचा ‘दर्जा’ कायम खाली. चिन्हं गाळली.

पीएचआयची, म्हणजे रुग्णाची ओळख पटवणाऱ्या माहितीची, खूणही चालू केली होती. रुग्णाचं खोटं नाव, खोटी जन्मतारीख, सगळं नोंदीत आलं. हा पर्याय ओळखतो, पुसत नाही. मूळ मजकुरात नाव जिथल्या तिथे असतं, हे मी क्लिनिकला पाठवायच्या टिपणात ठळक अक्षरांत टाकलं. ‘पीएचआय चालू आहे’ एवढं वाचून नावं काढली गेली असं समजणारी माणसं भेटतात.

रात्री ९:४५

दुभाष्याचं उत्तर लिहायला घेतलं. जॉबला सांगितलेली भाषा अमेरिकन इंग्रजी. स्पॅनिश वाक्य आलं तरी यंत्र थांबून विचारणार नाही, त्यातून जमतील तसे इंग्रजी शब्द काढील. औषध कधी घेतलं, कुठे दुखतं, हे सगळं त्या वाक्यांतच. माणसांची कमाल संख्या वाढवून हे सुटत नाही, शब्दसूचीनेही नाही. खात्रीच्या आकड्यावरून अशा फाइली नंतर पकडता येतील का, असं नव्या मुलाने विचारलं. कदाचित, पण तोवर मजकूर तयार होऊन कोणाच्या तरी पडद्यावर गेलेला असतो.

म्हणून लिहिलं: रेकॉर्डिंग सुरू करताना नर्सने ‘दुभाषी आहे का’ या चौकोनात हो किंवा नाही भरायचं. ‘हो’ असेल तर आमचा कोड जॉब लावणारच नाही, फाइल थेट तपासणाऱ्या माणसांकडे जाईल. चौकोन रिकामा राहिला, म्हणजे हो नाही आणि नाहीही नाही, तरीही जॉब लागणार नाही.

आयटीवाल्याचं उत्तर पाच मिनिटांत आलं. नर्सेसना आधीच खूप चौकोन भरावे लागतात. हा आपोआप ‘नाही’ ठेवता येईल का?

नाही, असं कळवलं आणि लॅपटॉप मिटला.