क्षीरान्नाद बालकाचा आहार

"मूल काही खात नाही, भुकेचे औषध द्या" ही मागणी आपल्या चिकित्सालयांत व औषधालयांत नित्याची आहे. औषध योजण्यापूर्वी बालक दिवसभरात दूध किती पिते, हे विचारावे, असे आम्ही आग्रहाने सुचवितो. सुश्रुताचार्यांनी एक वर्षापर्यंत क्षीरप, दोन वर्षांपर्यंत क्षीरान्नाद व पुढे अन्नाद अशी विभागणी केली आहे. सतत दुधाने पोट भरलेल्या बालकास अन्नाची इच्छा होणार कशी? गाईच्या दुधात लोह अत्यल्प असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातील ६ ते ५९ महिन्यांची ६८.९ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त आढळली.

पथ्य घरातच आहे. सकाळी नाचणीचे सत्त्व. दुपारी तूप घालून मुगाची मऊ खिचडी, वर लिंबाचे चार थेंब, म्हणजे लोहाचे शोषण सुधारते. तिसऱ्या प्रहरी केळे. रात्री वरणात कुस्करलेली पोळी व घोटलेला पालक. शेंगदाणे अख्खे न देता कूट करून द्यावेत.

औषधालयचालकांनी दोन वर्षांखालील बालकांच्या आहाराच्या डब्यांची जाहिरात लावू नये. १९९२ च्या कायद्याने व २००३ च्या दुरुस्तीने ती निषिद्ध आहे. एवढे करूनही भूक न सुधारल्यास वजन व हिमोग्लोबिन अवश्य तपासावे.