बेवारस मांजरांचा सांभाळ

खाडीकाठच्या दिवाळे, सारसोळे, करावे यांसारख्या गावांतून मांजर हे घरोघरी वावरणारे जनावर होते. ते मुद्दाम आणावे लागत नसे. जेथे मासळी, धान्य आणि उंदीर एकत्र असतात तेथे मांजर आपण होऊन वस्तीस येते. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या परिसरात नवे शहर आकारास येऊ लागले. १ जानेवारी १९९२ पासून नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला. भातखाचरांच्या जागी वसाहती उभ्या राहिल्या, अंगणाची जागा सदनिकेने घेतली. माणसाच्या राहणीतील या बदलाबरोबर मांजराचे जिणेही पालटले. अंगणातील मांजर नकोसे झाले तर शेजारच्या पडवीत जाऊन राहत असे. सदनिकेतील मांजर नकोसे झाले की त्याला जावयास दुसरे घर उरत नाही.

सोन्याचे मांजर आणि गोणपाट

मांजर मारल्यास काशीला जाऊन सोन्याचे मांजर दान करावे लागते, अशी समजूत महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. या समजुतीने असंख्य मांजरांना जीवदान दिले असेल. तथापि तिच्यातूनच एक पळवाटही निघाली. मांजर मारायचे नाही, परंतु पिशवीत किंवा गोणपाटात घालून दूर सोडून यावयाचे, यात पाप मानले गेले नाही. आजही नको असलेली पिल्ले मासळी बाजाराच्या मागे, तुर्भे येथील कृषी उत्पन्न बाजार समितीच्या घाऊक बाजारांलगत किंवा खाडीच्या कडेला सोडली जातात. ‘तेथे खाण्यास भरपूर आहे, ते जगेल,’ असे सोडणाऱ्याचे समाधान असते.

हे समाधान वस्तुस्थितीस धरून नाही. मांजर हे हद्द सांभाळणारे जनावर आहे. बाजारातील प्रत्येक कोपरा तेथील मांजरांनी आधीच व्यापलेला असतो आणि नव्या मांजरास बोके तेथे टिकू देत नाहीत. घरात वाढलेल्या मांजरास शिकारीची सवय नसते, वाहनांची ओळख नसते. पुष्कळदा ते जुन्या घराच्या शोधात निघते, आणि ठाणे-बेलापूर रस्ता किंवा सायन-पनवेल महामार्ग ओलांडताना त्याचा शेवट होतो. खाडीकाठी सोडलेली मांजरे जगली, तर तेथील पाणथळ जागांवर उतरणाऱ्या पक्ष्यांच्या जिवावर जगतात. आईपासून तोडलेले लहान पिल्लू मात्र बहुधा एक-दोन दिवसही काढू शकत नाही. सबब, दूर सोडून येणे हा मारण्याचाच एक संथ प्रकार आहे, हे स्पष्टपणे समजून घेतले पाहिजे.

एकटे पिल्लू दिसल्यास

जिन्याखाली किंवा वाहनतळावर एकटे पिल्लू दिसले की दयाळू माणूस ते तत्काळ उचलून घरी नेतो. हेतू चांगला असला तरी ही घाई कित्येकदा अनर्थाची ठरते. मांजर आपली पिल्ले सात घरे फिरवते, असे आपल्याकडे म्हणतात. या म्हणण्यात निरीक्षणाचा अंश आहे. जागा असुरक्षित वाटू लागली की मांजरी पिल्लांना मानेशी तोंडात धरून, एकेक करून, दुसरीकडे हलवते. एक पिल्लू पोचवून ती परत येईपर्यंत उरलेली एकटीच असतात. अशा वेळी पिल्लू उचलणारा मनुष्य त्याला आईपासून कायमचा तोडतो.

पिल्लू स्वच्छ असेल, त्याचे पोट भरलेले असेल आणि ते शांत झोपले असेल, तर आई जवळपास आहे असे समजावे. दूर राहून दोन-तीन तास लक्ष ठेवावे. माणसे भोवती उभी असतील तर मांजरी येत नाही. पिल्लू रस्त्याच्या मध्यावर अथवा पावसाच्या पाण्यात असेल तर तेवढ्यापुरते जवळच्याच कोरड्या आडोशास ठेवावे. याउलट पिल्लू मळलेले, अंगाने गार पडलेले, सतत ओरडणारे किंवा मुंग्या लागलेले असेल, तर मात्र वाट पाहू नये.

आधी ऊब, मग दूध

जन्मतः पिल्लाचे वजन सुमारे १०० ग्रॅम असते आणि पहिले तीन आठवडे त्याला स्वतःच्या शरीराची उष्णता राखता येत नाही. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. म्हणून प्रथम त्याला ऊब द्यावी. खोक्यात मऊ कापड अंथरून, कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका बाजूस ठेवावी. दुसरी बाजू मोकळी असावी, म्हणजे उकडल्यास पिल्लू सरकू शकते. अंग उबदार झाल्यावरच दूध पाजावे.

गाईचे किंवा म्हशीचे दूध या वयात योग्य नव्हे. त्याने हगवण लागते व अंगातील पाणी कमी होऊन पिल्लू दगावते. मांजराच्या पिल्लांसाठी तयार केलेली दूधभुकटी मिळते, तीच पशुवैद्याच्या सल्ल्याने वापरावी. पाजताना पिल्लू तान्ह्या मुलासारखे उताणे धरू नये. ते पोटावर पालथे असावे, अन्यथा दूध श्वासनलिकेत जाते. पहिल्या आठवड्यात दर दोन ते तीन तासांनी, रात्रीही, दूध द्यावे लागते. पाजल्यानंतर ओल्या कोमट कापसाने पोटाखालचा भाग हलकेच पुसावा, कारण आईच्या चाटण्यावाचून पिल्लाला मलमूत्र विसर्जन होत नाही. डोळे साधारणतः सात ते दहा दिवसांत उघडतात. चौथ्या आठवड्यापासून मऊ अन्न सुरू करता येते. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात जे पिल्लू माणसाच्या हातांत वावरते ते पुढे माणसाळते. दत्तक देण्याच्या दृष्टीने हा काळ मोलाचा आहे.

घरातील मांजर

मोठ्या मांजराला दूधभात किंवा दूधपोळी पुरेशी आहे, ही समजूत आपल्याकडे रूढ आहे. वास्तविक मांजर हा मांसाहारी प्राणी आहे. टॉरीन हा मांस व मासळीतून मिळणारा घटक त्याला पुरेसा मिळाला नाही, तर कालांतराने दृष्टी जाते आणि हृदय दुर्बळ होते. शाकाहारी कुटुंबाने मांजर घेण्यापूर्वी याचा विचार करावा. तयार खाद्याचा पर्याय त्यांना मान्य असेल तर प्रश्न सुटतो. माणसाची औषधे मांजराला कधीही देऊ नयेत. तापावर आपण सहज घेतो ती पॅरासिटॅमॉलची गोळी मांजराचा प्राण घेऊ शकते.

नव्या मांजराला पहिले दोन आठवडे घरातील इतर मांजरांपासून वेगळे ठेवावे. पॅनल्यूकोपेनिया हा विषाणुजन्य रोग पिल्लांमध्ये वेगाने पसरतो व बहुधा घातक ठरतो. त्याच्या प्रतिबंधाची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून टप्प्याटप्प्याने देतात. रेबीजची लस सुमारे तीन महिन्यांनी द्यावी. उंच इमारतींच्या या शहरात खिडक्यांना व सज्जांना जाळी बसविणे हीदेखील सांभाळाचीच बाब आहे. मांजर उंचावरून पडले तरी त्याला काही होत नाही, हा समज खोटा आहे.

भीती आणि वस्तुस्थिती

घरातील स्त्री गर्भवती झाली की वर्षानुवर्षे सांभाळलेले मांजर बाहेर काढले जाते. यामागे टॉक्सोप्लाझ्मोसिस या रोगाची भीती असते. ही भीती निराधार नाही, परंतु तिच्यावरील उपाय सोपा आहे. हा जंतू मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतो व संसर्गक्षम होण्यास त्याला किमान एक दिवस लागतो. मांजराची मातीची पेटी घरातील दुसऱ्या व्यक्तीने रोज साफ करावी, हात साबणाने धुवावेत आणि मांस नीट शिजवून खावे, म्हणजे धोका फारच कमी होतो. कच्च्या मांसातून व न धुतलेल्या भाजीतूनही हा रोग होतो, हे लक्षात ठेवावे.

मांजराने चावा घेतल्यास किंवा ओरबाडल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि विनाविलंब रुग्णालयात जाऊन रेबीजच्या लसीबाबत सल्ला घ्यावा. हळद, चुना इत्यादी लावण्यात वेळ दवडू नये.

मूळ उपाय

मांजरी चार ते सहा महिन्यांची झाली की वयात येते. गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो, एका वेळी साधारणतः तीन ते पाच पिल्ले होतात आणि वर्षातून दोन-तीन वेळा वीण होऊ शकते. पिल्ले अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहते. हा हिशेब पाहिला म्हणजे केवळ पिल्ले उचलून घरी आणण्याने प्रश्न का सुटत नाही हे ध्यानात येईल. एका मांजरीचे वेळेवर झालेले निर्बीजीकरण पुढील कित्येक गोणपाटे वाचविते. मुंबई महानगरपालिकेने २०१९ पासून मांजरांच्या निर्बीजीकरणाचे काम हाती घेतले. शस्त्रक्रिया झालेल्या मांजराच्या कानाचे टोक किंचित कापून खूण करतात व त्याला मूळ जागीच परत सोडतात. त्या जागेवर त्याची हद्द कायम राहते, बोक्यांच्या मारामाऱ्या व रात्रीचा आरडाओरडा कमी होतो, आणि रहिवाशांच्या तक्रारीही ओसरतात.

कायदा आणि परंपरा

बेवारस जनावरांचा सांभाळ ही मुंबई परिसराला नवीन गोष्ट नाही. भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमावरून १८३२ साली मुंबईत दंगल उसळली. त्यानंतर १८३४ साली जमशेटजी जीजीभॉय व अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने भुलेश्वर भागात पांजरापोळ उभा राहिला. परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय १८८३ सालचे आहे.

स्वातंत्र्यानंतर या भावनेला कायद्याचे बळ मिळाले. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या अधिनियमाच्या कलम ११ नुसार, उपासमारीने वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राणी सोडून देणे हा अपराध आहे. पहिल्या अपराधास १० ते ५० रुपये दंड आहे. दंडाची रक्कम अल्प असली तरी कृत्य अपराध ठरते, हे महत्त्वाचे. प्राण्याला ठार मारणे, विष घालणे किंवा जायबंदी करणे यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी वस्तीतील प्राण्यांना खाऊ घालण्यासाठी जागा व वेळ ठरविण्याची जबाबदारी रहिवासी संघांवर टाकली आहे. ही जागा जिने, प्रवेशद्वार व मुलांची खेळण्याची जागा यांपासून दूर असावी आणि खाऊ घालणाऱ्याने ती स्वच्छ ठेवावी, असा दंडक आहे. मांजरांना खाऊ घालणारे आणि त्यांचा उपद्रव सोसणारे यांच्यातील पुष्कळसे वाद या एका तरतुदीच्या पालनाने मिटू शकतील.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ५१ क मध्ये प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य सांगितले आहे. या कर्तव्याला मोठ्या निधीची गरज नाही. घरातील मांजरीचे वेळेवर निर्बीजीकरण करावे, जिन्याखालचे पिल्लू उचलण्यापूर्वी त्याच्या आईची वाट पाहावी, आणि नको झालेल्या मांजराला गोणपाटात न घालता त्याच्यासाठी दुसरे घर शोधावे. प्रत्येक गृहनिर्माण संस्थेने एवढे केले तरी बाजारामागे सोडल्या जाणाऱ्या पिल्लांची संख्या निश्चितच घटेल, आणि काशीच्या सोन्याच्या मांजराचे पुण्य नवी मुंबईतच पदरी पडेल.