झाडीपट्टीचे नाटक आणि कलावंताचा मेहनताना

मुलचेरा हा गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागातील वनव्याप्त तालुका. धानाची कापणी व मळणी आटोपून हाती चार पैसे आले की या परिसरातील गावांना नाटकाचे वेध लागतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांचा धानाचा व जंगलाचा टापू म्हणजे झाडीपट्टी. येथे दिवाळीनंतर सुरू होणारा नाटकांचा हंगाम साधारणतः होळीपर्यंत चालतो. या रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली व तिचे नाव देशभर पोचले. तथापि, रात्रभर रंगमंचावर राबणाऱ्या सामान्य कलावंताच्या मेहनतान्याचा विचार अद्याप पुरेसा झालेला नाही.

गावाचे मंडळ, वडशाची कंपनी

पूर्वी गावातील हौशी तरुणच भूमिका करीत. स्त्री-कलावंत व वादक तेवढे बाहेरून येत. पुढे संपूर्ण नाटकच ठरविण्याची पद्धत रूढ झाली. गोंदिया-बल्लारशा लोहमार्गावरील देसाईगंज, म्हणजेच वडसा, हे त्याचे मुख्य केंद्र बनले. व्यवहारात दोन पक्ष असतात. गावचे मंडळ हौशी असते. त्याचे सभासद वेतन घेत नाहीत आणि तिकीटविक्रीतून उरलेली रक्कम मंदिर, शाळा वा अन्य गावकामास लावली जाते. नाट्यकंपनी व्यावसायिक असते. मंडळाकडून मिळालेल्या ठरावीक रकमेतून ती नट, नट्या, वादक, नेपथ्य व वाहन यांचा खर्च भागविते. मंडळ कलावंतास थेट काही देत नसले, तरी त्याच्या मेहनतान्याची मर्यादा मंडळाच्या करारानेच ठरते.

रात्रीचा हिशेब

कलावंताचा मोबदला 'नाइट'वर, म्हणजे प्रयोगागणिक ठरतो. अवकाळी पावसाने प्रयोग रद्द झाला की त्या रात्रीची कमाई बुडते. हंगाम संपल्यावर अनेक जण शेतमजुरी किंवा तेंदूपत्ता संकलनाकडे वळतात. २०२० मध्ये कोविडच्या साथीने प्रयोग थांबले, तेव्हा या जीवनक्रमातील अस्थिरता प्रकर्षाने जाणवली.

श्रमही थोडे नाहीत. वडशाहून मुलचेऱ्याचे अंतर शंभर किलोमीटरांहून अधिक आहे. दुपारी निघावे, रात्री तोंडाला रंग लावावा, पहाटे प्रयोग संपताच गाडीत बसावे आणि संध्याकाळी दुसऱ्या गावी उभे राहावे, असा हा क्रम आहे. जंगलातील रस्त्यावरचा रात्रीचा प्रवास आणि अपुरी झोप यांमुळे अपघाताचा धोका संभवतो. स्त्री-कलावंतांसाठी रंगमंचामागे केवळ आडोशाचा पडदा पुरत नाही. दार लागणारी खोली व स्वच्छतागृह आवश्यक ठरते.

कागदाचे मोल

राज्य शासनाच्या ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन योजनेखाली पात्र व्यक्तीस दरमहा मानधन मिळते. २०२४ मध्ये ते सरसकट ५,००० रुपये करण्यात आले. त्यासाठी साधारणतः वयाची ५० वर्षे व कलाक्षेत्रातील १५ वर्षांचे कार्य अपेक्षित असते, आणि त्या कार्याचे पुरावे अर्जासोबत जोडावे लागतात. रोखीने 'नाइट' घेणाऱ्या कलावंताची अडचण येथेच उद्भवते. उभे आयुष्य रंगभूमीवर गेले, पण हाती कागद नाही, अशी त्याची स्थिती होऊ शकते.

गावाने काय करावे?

हे पुरावे गावातच निर्माण होऊ शकतात. मंडळाने लेखी करार करावा. प्रयोग रद्द झाल्यास किती रक्कम देय राहील, हे त्यात नमूद असावे. प्रयोगाचे हस्तपत्रक व कलावंतांची यादी जपून ठेवावी. ग्रामपंचायतीने प्रयोग झाल्याचा दाखला द्यावा. शिक्षकांनी शाळेची खोली उपलब्ध करून देण्यास साहाय्य करावे. असंघटित कामगारांसाठी २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम नोंदणीची माहितीही कलावंतांपर्यंत पोचवावी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट हिशेबाच्या क्रमाची. गावकामासाठी शिल्लक उरावी म्हणून कलावंताच्या रकमेत घासाघीस करणे योग्य नव्हे. तिकीटविक्री कमी झाली तरी त्याने केलेले काम कमी होत नाही. मंडळ नफ्यासाठी चालत नाही, ही भूषणाची गोष्ट खरी; परंतु त्या सेवाभावाचा भार दुसऱ्याच्या मजुरीवर पडू नये. आधी कलावंताचा मेहनताना आणि मग गावाची शिल्लक, हा क्रम पाळला गेला तरच झाडीपट्टीच्या रंगमंचावर नवी पिढी पाऊल ठेवील.