धोकादायक माल वाहतुकीची चालक अनुज्ञप्ती

धोकादायक माल वाहतुकीची चालक अनुज्ञप्ती : स्फोटक, ज्वलनशील, विषारी, क्षारक वा अन्य प्रकारे मानवी जीवितास घातक असा माल मोटार वाहनातून वाहून नेण्यासाठी चालकास मिळणारी विशेष अधिमान्यता. ही स्वतंत्र अनुज्ञप्ती नसून परिवहन वाहनाच्या अनुज्ञप्तीवर (व्यवहारात ‘लायसन’वर) परवाना प्राधिकाऱ्याने केलेले पृष्ठांकन असते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ (अंमल १ जुलै १९८९ पासून) आणि त्याखालील केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ हे तिचे आधार होत.

मुंबई उपनगरांत या पृष्ठांकनास विशेष महत्त्व आहे. माहुल–तुर्भे परिसरात १९५४ व १९५५ मध्ये दोन तेल शुद्धीकरण कारखाने सुरू झाले; राष्ट्रीयीकरणानंतर ते अनुक्रमे हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम यांच्याकडे आले. जवळच राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा खत कारखाना आहे. येथून निघणारे टँकर पूर्व द्रुतगती महामार्गाने घाटकोपर, विक्रोळी, मुलुंड या दाट वस्तीच्या भागांतून ठाण्याकडे जातात. एका टँकरचा अपघात हा येथे केवळ रस्त्यावरील अपघात राहत नाही. तो लगतच्या चाळी, शाळा व रेल्वेमार्ग यांचाही प्रश्न ठरतो.

परिवहन अनुज्ञप्ती : पृष्ठांकनापूर्वी परिवहन वाहनाची अनुज्ञप्ती असावी लागते. तीकरिता वयाची किमान मर्यादा २० वर्षे आहे (खाजगी मोटारगाडीकरिता १८). हलके मोटार वाहन चालविण्याची अनुज्ञप्ती किमान एक वर्ष धारण केल्याशिवाय परिवहन वाहनाची शिकाऊ अनुज्ञप्ती मिळत नाही. अर्जासोबत नमुना १-अ मधील वैद्यकीय प्रमाणपत्र आणि मान्यताप्राप्त मोटार प्रशिक्षण शाळेचे नमुना ५ मधील प्रमाणपत्र द्यावे लागते. शिकाऊ अनुज्ञप्ती सहा महिने वैध असते व ती मिळाल्यापासून एक महिना उलटल्यावर प्रत्यक्ष चाचणी देता येते. इयत्ता आठवी उत्तीर्ण असण्याची पूर्वीची अट २०१९ मध्ये रद्द करण्यात आली.

पश्चिम उपनगरांतील कामकाज अंधेरी (संकेतांक एमएच ०२) व बोरिवली (एमएच ४७) येथील कार्यालयांकडे, तर घाटकोपर, मुलुंड इ. पूर्व उपनगरांचे वडाळा (एमएच ०३) येथील कार्यालयाकडे आहे. अंधेरीचे कार्यालय आंबिवली भागात वर्सोवा मार्गालगत, तर वडाळ्याचे ट्रक टर्मिनलजवळ आहे. अर्ज ‘सारथी’ या संगणकीय प्रणालीमार्फत भरले जातात. चाचणीसाठी मात्र उमेदवारास प्रत्यक्ष हजर राहावे लागते.

पृष्ठांकनाच्या अटी : नियम ९ अन्वये चालकास संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील किमान एक भारतीय भाषा व इंग्रजी लिहिता-वाचता आली पाहिजे. शिवाय राज्य शासनाने मान्य केलेल्या संस्थेतील तीन दिवसांचा अभ्यासक्रम त्याने यशस्वीपणे पूर्ण केलेला असावा लागतो. पहिल्या दोन दिवसांत संरक्षक वाहनचालन व प्रगत चालन कौशल्ये (अपघातांची कारणे, गतिरोधनास लागणारे अंतर, रात्रीचे चालन, रेल्वे फाटक, प्रतिकूल हवामान इ.) शिकवितात. तिसरा दिवस मालाच्या सुरक्षिततेसाठी असतो : माहितीफलकाचा अर्थ, सांडलेल्या द्रव्याचा बंदोबस्त, अग्निशमन, प्रथमोपचार, झडपांची माहिती, विहिरी, नद्या व तलाव यांचे रक्षण इ. विषय त्यात येतात. त्यानंतर साध्या कागदावर अर्ज केला असता प्राधिकारी अनुज्ञप्तीवर पृष्ठांकन करतो.

प्रशिक्षणामागील शास्त्र : द्रव भरलेला टँकर सामान्य मालमोटारीपेक्षा वेगळा वागतो. त्याचा गुरुत्वमध्य उंच असल्याने वळणावर तो लवकर कलंडतो. टाकी अर्धवट भरलेली असल्यास गतिरोधक दाबताच आतील द्रव पुढे उसळतो व वाहनास ढकलतो. टाकीतील आडव्या भिंतींमुळे हा हिसका कमी होतो, नाहीसा होत नाही. टाकी काठोकाठ भरणेही घातक, कारण उष्णतेने द्रव प्रसरण पावतो. ११ जुलै १९७८ रोजी स्पेनमधील लोस आल्फाकेस येथे प्रोपिलीन वायूचा मर्यादेबाहेर भरलेला टँकर पर्यटकांच्या तळाजवळ फुटून दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

स्वयंपाकाचा द्रवीकृत वायू व क्लोरीन हे दोन्ही हवेपेक्षा जड आहेत. गळती झाल्यास ते गटारे, तळघरे व सखल वस्ती यांत साचतात. म्हणून लोकांना वाऱ्याच्या आडव्या वा उलट दिशेने व उंच जागी हलविणे इष्ट असते. प्रत्येक गळतीवर पाणी मारणे हा उपाय नव्हे. सोडियमसारखी द्रव्ये पाण्याने पेट घेतात, तर तीव्र सल्फ्यूरिक अम्लात पाणी पडल्यास प्रचंड उष्णता निर्माण होते. माल उतरविण्यापूर्वी टँकरला भूसंपर्क तार जोडतात, कारण स्थिर विद्युतेची एक ठिणगीही पेट्रोलच्या वाफेला पुरेशी होते.

चिन्हे व कागदपत्रे : संयुक्त राष्ट्रांच्या वर्गीकरणानुसार धोकादायक मालाचे नऊ वर्ग आहेत : (१) स्फोटके, (२) वायू, (३) ज्वलनशील द्रव, (४) ज्वलनशील घन, (५) ऑक्सिडीकारक द्रव्ये व कार्बनी पेरॉक्साइडे, (६) विषारी व संसर्गजन्य, (७) किरणोत्सर्गी, (८) क्षारक आणि (९) संकीर्ण. प्रत्येक द्रव्यास चार अंकी क्रमांकही असतो, उदा., पेट्रोल १२०३, क्लोरीन १०१७, निर्जल अमोनिया १००५, सल्फ्यूरिक अम्ल १८३०. मालाचे तांत्रिक नाव, हा क्रमांक, वर्गचिन्ह आणि आपत्कालीन सेवा व मालप्रेषक यांचे दूरध्वनी क्रमांक असलेला फलक वाहनावर ठळकपणे लावणे बंधनकारक आहे. मालाचे गुणधर्म व अपघातप्रसंगीचे उपाय सांगणारे पत्रक (ट्रेम कार्ड) चालकाच्या कक्षात सदैव ठेवावे लागते. हे पत्रक पुष्कळदा इंग्रजीत असते. साक्षरतेच्या अटीचे मर्म येथे आहे. अग्निशमन दलाचे जवान येईपर्यंत टाकीत काय आहे हे सांगू शकणारा बहुधा चालक हाच एकटा असतो.

जबाबदारीची विभागणी : कायद्याने सर्व भार चालकावर टाकलेला नाही. मालाची पूर्ण व अचूक माहिती देणे हे मालप्रेषकाचे, तर वाहन सुस्थितीत व चालक प्रशिक्षित असल्याची खात्री करणे हे वाहतूकदाराचे कर्तव्य आहे. वाहन उभे असताना त्यावर देखरेख ठेवणे व अपघात झाल्यास पोलीस ठाण्यास कळविणे ही चालकाची कर्तव्ये होत. पेट्रोलियम, स्फोटके व दाबाखालील वायू यांच्या वाहतुकीस याशिवाय पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे (मुख्यालय नागपूर) नियम लागू होतात.

मुदत : परिवहन अनुज्ञप्तीची मुदत पूर्वी तीन वर्षे व धोकादायक मालासाठी एकच वर्ष होती, दरवर्षी नूतनीकरणापूर्वी एक दिवसाचा उजळणी वर्ग करावा लागे. २०१९ च्या दुरुस्तीने या मुदती अनुक्रमे पाच व तीन वर्षे झाल्या. चालकांचे हेलपाटे व खर्च त्यामुळे कमी झाले. परंतु दोन उजळण्यांमधील अंतर वाढले हेही तितकेच खरे. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने, हलक्या वाहनाच्या अनुज्ञप्तीवर ७,५०० किग्रॅ. पेक्षा कमी एकूण वजनाचे परिवहन वाहन वेगळ्या पृष्ठांकनाविना चालविता येते, असा निर्णय दिला. मात्र धोकादायक मालाच्या वाहनांसाठी असलेल्या विशेष अटी त्याने कायम ठेवल्या. त्यामुळे अशा मालाचे वाहन लहान असले, तरी चालकाची या पृष्ठांकनातून सुटका नाही.

इतर देश : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९८६ च्या कायद्याने व्यापारी वाहनचालकांसाठी देशभर समान निकष ठरले. धोकादायक मालाच्या पृष्ठांकनासाठी तेथे लेखी परीक्षेबरोबर सुरक्षाविषयक पार्श्वभूमी-तपासणीही होते. यूरोपात १९५७ च्या जिनीव्हा कराराखाली चालकास पाच वर्षे मुदतीचे प्रमाणपत्र मिळते.

मूल्यमापन : २० डिसेंबर २०२४ रोजी जयपूरजवळ भांकरोटा येथे वळण घेणाऱ्या वायूच्या टँकरला मालमोटारीची धडक बसली व भडकलेल्या आगीत अनेकांचे प्राण गेले. त्यापूर्वी १३ जून २०२३ रोजी मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर लोणावळ्याजवळ टँकर पेटून चार जण दगावले. अशा घटनांवरून दोन गोष्टी दिसतात : टँकरचालक कितीही कुशल असला तरी इतर वाहनांची चूक त्याला भोवते, आणि पहिल्या काही मिनिटांत काय केले जाते यावर हानीचे प्रमाण अवलंबून असते. झडप केव्हा बंद करावी, लोकांना कोणत्या दिशेला पळवावे आणि सांडलेले इंधन गोळा करण्यास धावणाऱ्या जमावास कसे रोखावे, हे त्या क्षणी पत्रक उघडून शिकता येत नाही. तीन दिवसांचा अभ्यासक्रम कागदोपत्री उरकला गेला, तर पृष्ठांकन हा केवळ शिक्का ठरतो; तो मन लावून शिकविला व शिकला गेला, तर चालक आणि रस्त्यालगतची वस्ती या दोहोंचे ते संरक्षण ठरते.